धुवणाचं पातेलं

तांदूळ धुतले की त्या धुवणाच्या वासाने मला आमचं रत्नागिरीचं जुनं परसू आठवतं. न्हाणीचं पाणी केळींना, धुवण कढीलिंबाला, अशी आईची वाटणी होती. उरलेलं मुरून विहिरीला मिळायचं. एका मे महिन्यात मुंबईहून आलेल्या दादाने गाडी लावायला सगळी झाडं तोडून सिमेंटचे ब्लॉक बसवले. "आता चिखल नाही गं, आई!" घर त्याच्याच पगारावर चालायचं, म्हणून कुणी काही बोललं नाही. दुपारी आई सवयीने धुवणाचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि तापलेल्या ब्लॉकांवर अनवाणीच थबकली. "आता हे ओतायचं कुठे रे?" यंदा विहीर आटली. टँकरचं सांडलेलं पाणी ब्लॉकांवरून गटारात चाललेलं मी बघत राहिलो, हातात धुवणाचं पातेलं धरून.