टाकीची किल्ली

आमच्या घरात चोर आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळलं, आणि तो कोण हे सगळ्यांच्या नंतर.

चोरीला जात होतं पेट्रोल, तेही बाबांच्या जुन्या ॲम्बेसेडरमधलं. ही गाडी मुळात डिझेलवर चालायची. म्हणजे गाडी पुसदमध्ये आणि आवाज यवतमाळपर्यंत. शेवटी त्या इंजिनानं मान टाकली, तेव्हा सलीमभाईनं भंगारातल्या दुसऱ्या ॲम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन आणून तिच्यात बसवलं. (सलीमभाई आमचा मेकॅनिक. गाडी बिघडली की तो आधी मालकाला झापतो, मग बॉनेट उघडतो.) इंजिन झकास सुरू झालं. पण यवतमाळला आरटीओत पासिंगला नेली, तर तिथल्या साहेबांनी टाकीचं झाकण काढून आत पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. डिझेल गाडीच्या टाकीचं तोंड रुंद असतं, ते आता चालणार नाही म्हणाले. पंपावरच्या माणसानं चुकून डिझेलची जाडी नळी घातली तर ती आत जाताच कामा नये. तोंड बारीक करा, वर ‘पेट्रोल’ लिहा, झाकणाला कुलूप लावा आणि परत आणा. तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही, आणि या खेपेला नापास झाली तर सरळ भंगारात द्यायची.

येताना बाबा अख्ख्या रस्त्यात डॅशबोर्डवरून हात फिरवत होते. दवाखाना जरा लांब असता तर मी याच गाडीत जन्मलो असतो, इतकी ती आमच्या घरची. बाबांचा चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं. गाडी पास करून दाखवायचीच, असं मी ठरवलं.

सलीमभाईनं टाकीचं नळकांडं सोडवून गॅरेजवर नेलं, आत बारीक गळा बसवला आणि कुलपाचं झाकण लावून दिलं. गाडी अंगणात उभी राहिली. इंजिन आखडू नये म्हणून रोज थोडा वेळ सुरू करायची, एवढंच तिला काम. आणि तरी पेट्रोल कमी होऊ लागलं! मी सकाळी ऑफिसला जाताना काटा पाहावा, संध्याकाळी येऊन पाहावा, तर काटा खाली.

माझा पहिला संशय अर्थातच सलीमभाईवर. त्याच्या हाताला पेट्रोलचा वास यायचा. (मेकॅनिकच्या हाताला पेट्रोलचा वास येणं हा पुरावा नाही, हे मला आज कळतं.) शिवाय जगातल्या प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या असतात आणि यानं मला दिली होती एक. दुसरी कुठे, असं विचारलं तर म्हणाला, एकच होती भाऊ.

दुसरा संशय शेजारच्या राठोड सरांवर. ते एकदा फाटकातून म्हणाले, "गाडी लय मस्त चालून राह्यली बरं तुमची." उभ्या गाडीबद्दल हे बोलणं म्हणजे सरळसरळ टोमणा होता. मी त्यांच्या मोटारसायकलवर नजर ठेवली.

बाबांवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना गाडी चालवायला बंदी होती. डॉक्टरांनी केली नव्हती, मी केली होती. उलट बाबांची मला काळजीच वाटायची, कारण ते रात्रीचे नीट जेवेनासे झाले होते. भूक नाही म्हणायचे. गाडीचा घोर लागलाय, असं मी सुनंदाला म्हणालो. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती पदरात तोंड लपवून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, तिलाही भरून आलं. त्याच दिवसांत घरात तुरीच्या ओल्या शेंगा फार यायच्या. मिठात उकडलेल्या त्या गरमागरम शेंगा सोलत मी तासन् तास चोराचा विचार करायचो.

शेवटी मी टाकीची किल्ली करदोड्यालाच बांधायचं ठरवलं. सुनंदानं ती करदोड्याच्याच काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या कमरेला अशी पक्की आवळली, की आता चोराला किल्लीसोबत मलाही न्यावं लागलं असतं. तरी काटा खाली गेलाच. मग तर माझी खात्रीच पटली, की दुसरी किल्ली सलीमभाईकडे आहे.

पासिंगच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मी गाडी चालवत होतो, शेजारी बाबा, मागे सलीमभाई. दिग्रस मागे पडलं आणि मला राहवेना. मी त्याला पुन्हा दुसऱ्या किल्लीचं विचारलं.

"मी तुमाले चोर वाटतो का भाऊ?" सलीमभाई म्हणाला.

मी आरशातून त्याच्या हातांकडे पाहिलं. तेच त्याला उत्तर वाटलं. साहेबाले काम दाखवतो अन् एसटीनं घरी जातो, तो म्हणाला. बाबा खिडकीतून बाहेरची कपाशी फारच बारकाईनं बघत होते.

यवतमाळला साहेब म्हणाले, "झाकण उघडा."

मी करदोड्याची गाठ सोडू लागलो. सुटेना. सलीमभाईनं पाहिलं, बाबांनी पाहिलं, ती गाठ कुणाचं ऐकेना. मग मी शर्ट वर केला, पोट गाडीला टेकवलं आणि गुडघे वाकवून किल्ली कशीबशी कुलपात घातली. दोरा इतका आखूड, की किल्ली फिरवायची तर मलाही थोडं फिरावं लागत होतं. रांगेतले ऑटोवाले आणि ट्रॅक्टरवाले गोळा झाले.

साहेब शांतपणे म्हणाले, "कुलूप झाकणाला लावायला सांगितलं होतं. तुम्हाला नाही."

झाकण उघडलं. जाडी नळी आत गेली नाही, बारीक गेली. साहेबांना टाकीचं तोंड पसंत पडलं. आता गाडी चालवून दाखवा म्हणाले. मी क्लच सोडला, गाडीनं दोन गचके दिले आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद! साहेबांचा पेन कागदाकडे निघाला. बाबांची गाडी माझ्या हातून भंगारात चालली होती.

"सरक तिकडं," बाबा म्हणाले.

मी सरकलो. बाबा बसले, चोक जरासा ओढला आणि गाडी लोण्यासारखी निघाली. मैदानाला वळसा घालता घालता ते सहज म्हणाले, "चोक थोडा ओढून ठेवा लागते. फुलसावंगीच्या चढावरही अशीच करते थे."

"फुलसावंगीच्या कोणत्या चढावर?" मी विचारलं.

बाबांनी सावकाश गिअर बदलला. "तुही आत्या आयकत नाही न बापा. म्हन्ते, दादा, आलास त जेवूनच जाय."

रात्रीची भूक, फुलसावंगीच्या आत्याच्या शेतातल्या तुरीच्या शेंगा, राठोड सरांचा टोमणा, सगळं एकदम माझ्या डोक्यात उतरलं. मागून सलीमभाईनं बाबांच्या हाताखाली लटकणारी गाडीची चावी दाखवली.

"घ्या भाऊ. तुमची दुसरी किल्ली सापडली."

ही चावी आमच्या दाराशेजारच्या खिळ्याला असते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पहिल्यापासून. मी टाकीचं तोंड कमरेला बांधून फिरत होतो आणि गाडी मोकळी सोडली होती.

गाडी पास झाली. येताना मी सलीमभाईची माफी मागितली. त्यानं ती स्वीकारली आणि चालवतोस कसा म्हणून पुसदपर्यंत मला झापलं. घरी आल्यावर सुनंदाला विचारलं, तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "बाबा किती दिसांनी हसून बोलून राह्यले होते. कायले सांगू? अन् शेंगा तं तुम्हीच खात होते."

मी बंदी उठवली. किल्ली मात्र अजून तिथंच आहे. गाठ सुटत नाही, आणि आमच्या घरी करदोडा पोळ्यालाच बदलतात, मधेच कापलेला बाबांना चालत नाही. (पूर्वी एवढं कधी पाळत नव्हते. मला संशय आहे.) त्यामुळे वाटेत पेट्रोल भरायचं असलं की बाबांना मला सोबत न्यावंच लागतं. परवा फुलसावंगीला आत्यानं दारातच विचारलं, याले कायले आणलं?

बाबा म्हणाले, "थो टाकीची किल्ली हाये."