दम धर

बेसबॉल हा खेळ प्रभावती इंगळेनं पन्नाशी उलटेपर्यंत पाहिलेला नव्हता, आणि पाहिल्यावर पहिले सहा महिने तो तिला खेळ वाटलाच नाही. एक पोरगी चेंडू फेकते, दुसरी दांडू घेऊन उभी, आणि तिच्या पाठीमागं तिसरी उकिडवी बसलेली, तोंडाला जाळी बांधून, जशी काही मधाचं पोळं काढायला आली. अर्धा तास झाला तरी कोणी पळायचं नाव घेत नाही. मग अचानक सगळ्या एकदम पळतात, आणि का पळाल्या ते विचारावं तर सांगणारा म्हणतो, आता संपलं.

ती मेहकरकडच्या खेड्यातली. नवऱ्याच्या, वाल्मीकच्या नोकरीपायी दिल्लीला आली आणि पुढं तीही केंद्र सरकारच्या एका खात्यात लागली, डायरी-डिस्पॅचला. तीस वर्षं आलेल्या कागदावर शिक्का मारला, गेलेल्या कागदावर शिक्का मारला. सरोजिनी नगरच्या क्वार्टरात दोन खोल्या. समोरच्या दारात चंद्रप्रभा राहायची, दवाखान्यात नर्स. तिची कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, म्हणून तिची पोरगी मैत्री शाळेतून यायची ती थेट प्रभावतीच्या ओट्यापाशी. भाकरीचा पापुद्रा फुगला की तो हिनं आधी पळवायचा. मैत्री जन्मली दिल्लीत, वाढली दिल्लीत. मराठी तिला समजायची, पण चाळणीतून चाळल्यासारखी. मोठं मोठं वर राहायचं, बारीक बारीक खाली निसटायचं.

ही मैत्री कॉलनीच्या मुलींच्या बेसबॉल संघात गेली, आणि आई ड्यूटीवर म्हणून तिच्यासोबत मैदानावर जायची पाळी प्रभावतीवर आली. जायला लागली तशी बसायला लागली, बसायला लागली तशी बघायला लागली. वर्षभरात तिला खेळ असा कळला की पंचानं हात वर करायच्या आधी ती सांगायची, बाद हाय.

संघाच्या मागं क्वार्टरांतली दहा-बारा मराठी घरं होती. त्यांचे पुढारी शशिकांत, तेव्हा सेक्शन ऑफिसर. धावांचा कागद मांडीवर, गळ्यात शिट्टी, जी वाजवायची त्यांना कोणी परवानगी दिलेली नव्हती. त्यांची बायको उल्का पुण्याची. बाई मनानं वाईट नव्हती, पण प्रभावतीनं तोंड उघडलं की तिच्या चेहऱ्यावर एक हसू यायचं, लहान लेकरू बोबडं बोलल्यावर येतं तसं. म्हणायची, तुमची भाषा किती गोड आहे हो. प्रभावती घरी येऊन वाल्मीकला म्हणायची, गोड म्हणे, माही जीभ काय हलवायाचं दुकान हाय? मैदानावर सतरंजी अंथरली की पुण्या-नाशिकच्या बाया एका कडेला बसायच्या आणि प्रभावती दुसऱ्या कडेला, आपल्या डब्यासोबत. कोणी उठ म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात संघ पहिले चारही सामने हरला. पाचवा दिल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या रोहिणी भागातल्या संघाशी. हाही गेला असता तर शशिकांतांनी स्पर्धेतून संघाचं नाव काढून घ्यायचं ठरवलं होतं, अर्जही टाइप झाला होता. शेवटचा डाव, दोन्हीकडं सहा-सहा धावा, दोन बाद. मैत्री तिसऱ्या बेसवर. तिथून घर, म्हणजे धाव पुरी होते ती पाटी, नव्वद फूट. हे एक पळालं की सामना आपला, आणि मध्ये बाद झालं की डाव बुडाला.

पिचरनं चेंडू टाकला, दांडूवालीनं सोडला, पाठीमागच्या कॅचरच्या हातात गेला. प्रभावती कुंपणाच्या तारेला धरून उभी होती, तिसऱ्या बेसपासून दहा पावलांवर. तिनं पाहिलं, ही पोरगी बेस सोडून पुढं सरकते आहे. एक पाऊल, दोन पावलं, चार. चेंडू कॅचरच्या मुठीत आणि ही येडी घराकडं निघाली. प्रभावती तारेवर पुढं झुकली. तिनं छाती फाटेल असं ओरडून सांगितलं, "मैत्रे, दम धर!"

दम धर म्हणजे थांब, वाट पाहा, घाई करू नको. हे मेहकरात कळतं तसं पुण्यातही कळतं. रोहिणीच्या कॅचरलाही कळलं, कारण ती पोरगी निघाली वणीकडची, दिल्लीला परीक्षेच्या अभ्यासाला आलेली. तिनं ऐकलं की पळणारीला थांबायला सांगितलं आहे, तिचा जीव भांड्यात पडला, आणि तिनं चेंडू पिचरकडं सावकाश उडवून दिला, लेकराला लाडू द्यावा तसा. कळलं नाही ते फक्त मैत्रीला. दिल्लीच्या तिच्या कानात 'दम' तेवढा गेला, आणि दिल्लीत दम लावतात, म्हणजे असेल तेवढं बळ लावून सुटतात. तिनं लावला.

धुरळा बसला तेव्हा तिचा हात घराच्या पाटीवर होता आणि चेंडू अजून वाटेत.

मग जे झालं ते सगळं पाच मिनिटांत झालं. पोरींनी मैत्रीला उचललं. तिला विचारलं तर ती म्हणाली, मावशीने बोला इसलिए भागी. तिकडं वणीची पोरगी रडत म्हणाली, त्या काकू थांब म्हणल्या म्हणून मी चेंडू सोडला. शशिकांतांनी दोन्ही वाक्यं ऐकली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅचर मराठी आहे हे प्रभावतीबाईंनी हेरलं, मैत्रीशी आधी इशारा ठरवला, तोंडानं थांब म्हणायचं आणि त्याचा अर्थ पळ. गनिमी कावा. सरोजिनी नगरात.

प्रभावतीनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात उल्का सतरंजीवरून उठून आली, तिचा हात धरून म्हणाली, "प्रभावतीताई, इकडं या, आमच्यात बसा." आणि प्रभावतीनं तोंड मिटलं.

तिथून पुढं संघ एकही सामना हरला नाही. अजिंक्यपदाची ढाल शशिकांतांच्या दिवाणखान्यात आली. पुढं क्वार्टरं पाडायला घेतली, माणसं पांगली. बरीचशी गाझियाबादला गेली, प्रभावती आणि वाल्मीकही तिथंच. पण दर जानेवारीत एका रविवारी शशिकांतांच्या गच्चीवर उन्हात ही मंडळी जमायची. शेंगा, तीळगुळाची गजक, संत्री, आणि ती गोष्ट. गोष्ट शशिकांतच सांगायचे, आणि वर्षागणिक ती अंगानं भरत गेली. तिसऱ्या वर्षी तिच्यात प्रभावतीनं आदल्या दिवशी रोहिणीला जाऊन टेहळणी केली. पाचव्या वर्षी मैत्रीला डोळ्यानं खुणावलं. प्रभावती संत्र्याच्या फोडीचे दोरे काढत ऐकायची आणि हूं म्हणायची. खरं फक्त वाल्मीकला ठाऊक होतं. तो घरी निघताना म्हणायचा, चाला सेनापती, मेट्रो सुटन.

यंदा मात्र तिला आदल्या दिवसापासून भाकर गोड लागेना. यंदा मैत्री येणार होती. पोरगी शिकायला पंजाबात गेली, मग इकडं-तिकडं नोकऱ्या केल्या, आता गुरुग्रामच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. आठ वर्षांत एकदाही तिला हा रविवार जमला नव्हता. म्हणजे शशिकांतांची गोष्ट आणि मैत्रीची गोष्ट आजवर एका गच्चीवर आलेल्या नव्हत्या. आल्या की प्रभावतीची लबाडी उन्हात पडणार, आणि तिची सतरंजीवरची जागाही. तिनं वाल्मीकला म्हटलं, माहे गुडघे दुखतात, तुमी एकटेच जा. वाल्मीक म्हणाला, गुडघे माह्यासोबत राह्यतात, मले सांगू नोको. चप्पल घाल.

मैत्री आली ती गच्चीच्या जिन्यातूनच मावशी मावशी करत. प्रभावतीला तिनं उचललंच जवळजवळ. गळ्यात शिट्टी, अंग उन्हानं रापलेलं, खांदे रुंद. शेजारी मांडी घालून बसली आणि पहिल्यासारखी तिच्याच ताटलीतल्या शेंगा खाऊ लागली. मग तिनं आपल्या शाळेच्या पोरींचं सांगायला घेतलं. म्हणाली, मी त्यांना नेहमी सांगते, त्या दिवशी सगळ्यांना वाटत होतं मी नाही पोचणार. कोचला पण. एकट्या मावशीला वाटलं मी पोचेन. सेम वैसाच भरोसा मी माझ्या टीमवर करते.

प्रभावतीच्या हातातली शेंग तशीच राहिली. जागेची काळजी ती घरून घेऊन आली होती. पोरीचं हे तिला ठाऊकच नव्हतं. पोरगी एवढी वर्षं काय उराशी धरून बसली आहे, ते तिला आता कळलं.

शशिकांत हसले. म्हणाले, भरोसा तर होताच, पण इशारा आधी ठरला होता म्हणून जमलं. मैत्रीनं विचारलं, कुठला इशारा.

"अगं, दम धर म्हटलं की पळायचं, तो."

"इशारा वगैरा काही नव्हता, काका. मावशी म्हणाली दम लगा, मी लावला. बस."

उल्का म्हणाली, "दम लाव नाही गं. दम धर. दम धर म्हणजे थांब."

मैत्री म्हणाली, "थांब?"

आणि सगळी गच्ची प्रभावतीकडं वळली. शशिकांतांनी क्षणभर कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग त्यांचा चेहरा आठ वर्षांपूर्वीसारखा उजळला. त्यांना आणखी मोठी गोष्ट सापडली होती. ते म्हणाले, म्हणजे प्रभावतीबाईंना माहीत होतं की मैत्रीला हा शब्द उलटा समजणार. एका शब्दात एकीला थांबवलं आणि दुसरीला पळवलं. दुहेरी कावा. मंडळींतून वा वा झालं.

दार सताड उघडं होतं. नुसतं हूं म्हटलं असतं तर प्रभावती पहिल्याहून मोठी होऊन घरी गेली असती. वाल्मीक तिच्याकडं न बघता संत्रं सोलत होता. तिनं मैत्रीकडं पाहिलं. पोरगी अंगठ्यानं शिट्टी चोळत होती, खाली मान घालून. हूं म्हटलं तर ही काय उरते? मराठी न येणारी एक पोट्टी, जिच्या अडाणीपणावर मावशीनं डाव मारला.

"नाही भाऊ," प्रभावती म्हणाली. "कावा नाही न फावा नाही. मी तिले थांबच म्हनलं होतं. मले वाटलं पोट्टी मरते आता. मी भेली होती."

शशिकांत म्हणाले, हा तुमचा मोठेपणा आहे. ती म्हणाली, मोठेपन कायचा, खरं सांगून राह्यली. ते पुन्हा म्हणाले की टेहळणीचं तरी खरं असेल. प्रभावतीनं सांगितलं की रोहिणी तिनं आजवर पाहिलेली नाही. शशिकांतांनी चष्मा काढला आणि पुसत बसले, जसं कोणी त्यांच्या घरातली ढाल उचलून नेली.

मैत्री उठून कठड्यापाशी गेली होती. प्रभावती गुडघ्यावर हात देत उठली, कारण गुडघे खरंच दुखत होते, आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

मैत्रीनं विचारलं, "तुला वाटलं नव्हतं मी पोचेन?"

"नाही."

"थोडं पण नाही?"

"अवं माय, चेंडू तिच्या मुठीत, तू अर्ध्या वाटेत. माह्या हिशोबानं तू बाद झाली होती. कोनाच्याच मनात नव्हतं. तुह्या एकटीच्या होतं."

"पण मला वाटलं तू सांगितलं म्हणून मी..."

"मी सांगायच्या आधीच तू चार पावलं गेली होती. मले दिसलं म्हणून तं वरडली. सांगतलं मी मागून."

मैत्रीनं डोळे बारीक केले. ती चार पावलं ती आठवत होती, पाय पायाशी ठेवून मोजावीत तशी. मोजून झाल्यावर म्हणाली, "हां यार. चार तर होती." मग तिला हसू आलं आणि ते आवरेना. वळून तिनं शशिकांतांना हाक मारली, "काका, शुरू से सांगा ना परत. या वेळी नीट."

शशिकांतांनी चष्मा घातला. शेवटचा डाव, सहा-सहा धावा, दोन बाद, इथवर ते सवयीनं आले. मग कुंपणाच्या तारेपाशी पोचले आणि अडकले. तिथून पुढचं त्यांच्याकडं काही उरलंच नव्हतं. म्हणाले, पुढचं तुम्हीच सांगा बुवा.

प्रभावतीनं आठ वर्षांत ही गोष्ट एकदाही सांगितली नव्हती. तिनं पदर खोचला. "मंग काय," ती म्हणाली, "हे पोट्टी सरकून राह्यली न चेंडू त्या कॅचरच्या मुठीत. मी म्हनलं, आता हिच्या मायले मी काय तोंड दाखवू." ती आपल्या बोलीत सांगत गेली, थांबली नाही. उल्का गुडघ्याभोवती हात बांधून ऐकत होती, आणि वणीची पोरगी चेंडू उडवून देते तिथं गोष्ट आली तेव्हा तिनं नकळत स्वतःचा श्वास धरला.

"मी वरडली, दम धर. आन् ही सुटली." प्रभावती थांबली.

"मग?" उल्कानं विचारलं.

"मंग मले काय इचारता. मी डोये गच्च झाकून घेतले होते. धुरळा बसल्यावर उघडले." तिनं मैत्रीच्या दंडाला धरून तिला सतरंजीवर आपल्या पुढ्यात बसवलं. "सांग वं तू. कशी पोचली ते माह्यानं पाह्यलंच नाही गेलं."