ओट्याचं राखलेलं सूत

मिस्त्रींच्या लेकीनं पाठवलेली, जमिनीवर उभी राहणारी ओव्हनवाली नवी शेगडी दारातून आत आली आणि बैठकीच्या खोलीतच मुक्काम ठोकून बसली. पुढं सरकायचं नाव काढीना. जुनी शेगडी ज्या दोन कपाटांमध्ये उभी असायची, ती जागा या बाईसाहेबांना दोन बोटं कमी पडत होती.

लाकडी ओटा मिस्त्रींनी स्वतः बसवलेला. सुतार माणूस, उभी हयात लोकांची स्वयंपाकघरं करण्यात गेली. त्यांच्या ओट्याच्या सांध्यात कागद सरकवून दाखवा म्हणावं. ओट्याची उजवीकडची फळी खालच्या कपाटाच्या बाहेर तेवढीच दोन बोटं आली होती. ती कापली की झालं. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर चहा निवायच्या आत उरकलं असतं. पण मिस्त्रींचं आपलं आज बघू, उद्या बघू. कधी करवतीला धार नाही, कधी उजेड बरा नाही.

खरं कारण होतं त्यांचा उजवा हात. हल्ली तो थरथरायचा. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. हात खिशात ठेवायचे, चहा अर्धा कपच मागायचे आणि कुणाच्या लक्षात येत नाही अशी स्वतःची समजूत घालून घ्यायचे. अहो, जी बाई इतकी वर्षं तो कप भरतेय, तिला कळणार नाही होय?

मग लेकीचा फोन आला. "बाबा, उद्या दुकानाचा माणूस येतोय. शेगडी बसत नसेल तर परत नेईल. नाहीतर मी कुणी सुतार पाठवू का?"

कुणी सुतार! त्यांच्या ओट्याला दुसऱ्याची करवत लागणार म्हणजे आपण संपलोच की, असं त्यांना वाटलं. त्यांनी फोन ठेवला आणि हत्यारांची पेटी बाहेर ओढली.

कोपर ओट्यावर टेकवून रेघ मारली, ती सरळ आली. पण करवत धरली आणि पातं फळीवर नाचायला लागलं. लाकडावर एक ओरखडा उठला. त्यांनी करवत खाली ठेवली.

"नाही जमायचं गं मला," ते बायकोला म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं.

तिनं बाह्या वर सारल्या. "द्या इकडे. सुताराची लेक आहे मी."

"तुझ्या वडिलांनी तुला करवतीला कधी हात तरी लावू दिला का?"

"नाही ना. म्हणूनच द्या."

ती कापायला लागली आणि मिस्त्रींचं तोंड सुरू झालं. ढकलताना जोर दे, ओढताना सोड, मान सरळ ठेव, घाई नको.

"अहो, मी कापू की तुमचं ऐकू?"

सूचना गिळणं मिस्त्रींना फार जड गेलं. शेवटी लाकडाची पट्टी सुटून खाली पडली. दोघांनी मिळून शेगडी ढकलली, ती निम्मी आत गेली आणि अडकली. सूतभर अडली. सूत म्हणजे सुतारांचं बारकं माप, काडेपेटीतल्या काडीहून थोडं जाड.

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "अगं, करवतीनं रेघ खायची असते, बरोबर रेघेवरूनच कापायचं. तू तर अलीकडूनच गेलीस."

"आमच्या बाबांची पद्धत आहे ती. सूतभर राखायचं आणि मागनं कानशीनं घासून काढायचं. घासा आता तुम्ही, माझे हात गेले कामातनं."

सासऱ्यांना काम करताना मिस्त्रींनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी कानस दोन्ही हातांत धरली. कानस लाकडावर दाबून पुढं-मागंच चालायची, तिला थरथरीचं काय? भुसा खाली पडत राहिला. कड गुळगुळीत झाली, त्यांच्या हातची व्हायची तशीच. शेगडी अलगद आत गेली, आणि सांध्यात कागद काही शिरला नाही.

"तुझे बाबा हुशारच म्हणायचे," मिस्त्री म्हणाले. "सूत राखून कापणारा सुतार मी पाहिला नाही."

"कसलं राखायचे? तेही रेघ खाऊनच कापायचे," ती भुसा झाडत म्हणाली. "सगळं मीच कापलं असतं, तर तुम्ही रात्रभर झोपला असता का?"