धोबिणीसाठी बस कोण थांबवणार

अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराच्या कडेला, जिथे घरांपुढचं गवत थेट रस्त्याला भिडतं आणि फुटपाथ नावाची वस्तूच नाही, तिथे एक निवृत्त डॉक्टरकाका राहतात. एकोणिसाव्या शतकातल्या शहरी कविता ते मराठीत आणतात आणि रविवारी दुपारी लोकांना घरी बोलावून ऐकवतात. मी काही कवितेसाठी गेले नव्हते. माझ्या पिशवीत एक अर्ज होता.

अर्ज साधा. बस काकांच्या कोपऱ्यावरूनच जाते, थांबते मात्र मैलभर पुढे. इथे थांबा द्या. मंगळवारी शहराच्या बैठकीत तो मांडायचा होता, आणि कोपऱ्यावरच्या घरमालकाची सही नसेल तर कोणी ढुंकून बघणार नाही, असं तिथल्या कारकुनानेच सांगितलं होतं. थांबा हवा होता पोळ्यांच्या मावशींना. त्या भागातल्या पाच-सहा मराठी घरांत त्या पोळ्या करतात, ड्राइव्ह करत नाहीत, पुढच्या थांब्यावर उतरून मैलभर बर्फातून मागे चालत येतात. मागच्या महिन्यात घसरून पडल्या. मनगट अजून सुजलेलं होतं. पुन्हा पडल्या तर लाटणं सुटलं, म्हणजे पोटावरच पाय.

काकांनी आधी व्याख्यान झोडलं. कवी चंद्र आणि कोकिळा सोडून रस्त्यावर उतरला, त्याला धूर, गटारं, भाड्याच्या खोल्या दिसू लागल्या. हा म्हणे वास्तववाद. मग कविता. धुक्यातून एक धोबीण ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन चाललीय आणि कवी कोपऱ्यावरून बघतोय. सोळा कडवी नुसता बघतोय! अरे गृहस्था, एकदा तरी गाठोड्याला हात लाव. पत्रकं लिहायला लागले तेव्हा मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: कुणाचं दुःख छापलंस तर खाली लिही, कोणी काय करायचं. या कवितेखाली फक्त टाळ्या होत्या. वाचता वाचता काका रडले. सोफ्यावरच्या दोघांनी डोळे पुसले. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते. उंटावर बसून शेळीसाठी रडणारे तिथेच पाहिले.

मी अर्ज पुढे केला.

"अगं, स्टॉप आला की कोणीही येऊन उभं राहणार," काका म्हणाले. "नेबरहुडचं कॅरेक्टर जातं. आणि कवितेत पॉलिटिक्स नको, प्लीज."

"मग आत्ता रडलात ते कशासाठी, काका?"

"ते वेगळं. ती आर्ट आहे."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. "डॉक्टरसाहेब, छान वाचता हो तुम्ही. पण ती घरी पोचली का?"

"कोण?"

"धोबीण."

काकांनी पान उलटून बघितलं. "कवितेत तसं दिलेलं नाही."

"बस नव्हती का तिच्या गावाला?"

"होती की! घोड्यांची बस होती," काका हसले. "पण धोबिणीसाठी ती कोण थांबवणार?"

सोफाही हसला. मग एकेकाचं हसू आटलं. काकांचं सर्वांत शेवटी.

"अस्सं," मावशी म्हणाल्या. "म्हणजे तेव्हापासूनचं आहे हे." आणि माझ्याकडे वळल्या. "तू गं, त्या कागदात मला 'थकलेली, थरथरती माउली' केलंयस. मी थरथरत नाही. मी घसरले. तेवढंच लिही."

मी तिथेच खोडलं. सतरावं कडवं मीच लिहून आले होते.

काका चष्मा पुसत बसले. शेवटी काकूंनी माझ्या हातून कागद ओढला. "घर दोघांच्या नावावर आहे. आणि मला काही पोळ्या जमत नाहीत," म्हणत त्यांनी सही ठोकली.

थांबा झाला. एक खांब, एक पाटी, बस. काका हल्ली खिडकीतून त्याच्याकडे बघत बसतात. काहीतरी सुचतंय म्हणे. सुचू दे. मावशी आता दारातच उतरतात.