एक्केचाळीस रोबोटांची झांकी

दिवाकर सरमंडलला कुणी "कसं काय भिया?" विचारलं, की तो "चाललंय" म्हणायचा आणि लगेच टेकायला जागा बघायचा. वय चोपन्न. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासच्या फाटकावर दुपारी दोन ते रात्री दहा ड्यूटी, आणि ड्यूटी म्हणजे काय, तर उभं राहायचं. हजार पोरं आत जाणार, हजार बाहेर येणार, त्यांच्या सायकली सरळ लावायच्या. बाविशीतला मॅनेजर त्याला "अंकलजी, खुर्चीवर बसू नका, इंप्रेशन खराब होतं" असं सांगायचा. हा माणूस एके काळी कापड मिलमधलं अख्खं लूम खातं चालतं ठेवणारा फिटर होता हे त्या मॅनेजरला सांगून काय उपयोग? दिवाकरनं कधी सांगितलंही नाही.

मिल बंद झाली त्याला बारा वर्षं झाली होती. पण दिवाकरचं खरं दुखणं लूम खात्याचं नव्हतंच. त्याचं दुखणं झांकीचं होतं.

इंदूरच्या माणसाला झांकी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. अनंत चतुर्दशीला प्रत्येक मिलचे कामगार आपापली झांकी काढायचे. ट्रॉलीवर देखावा, दिव्यांचा लखलखाट, त्यात हलत्या मूर्ती. हात वर-खाली होतायत, माना वळतायत, आणि अख्खं शहर रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं. दिवाकरच्या मिलची झांकी करायचे शंकरराव घोडगावकर. माणूस भयंकर तापट. त्यांचा नियम एकच, मोटर एक. पन्नास मूर्ती असोत नाहीतर सत्तर, सगळ्यांना हलवायला एकच मोटर, बाकी सगळं दोरी, चाक आणि पट्टा. "दुसरी मोटर ज्याला लागते, त्याला डोकं नाही," असं ते तोंडावर म्हणायचे. आणि झांकी तयार झाली की पुढून बघायचेच नाहीत. सरळ मागे जायचे. "पुढून लोक बघतात. मी पाठ बघणार."

बावीस वर्षं दिवाकर त्यांच्या हाताखाली राबला. चाकं त्यानं बसवली, पट्टे त्यानं ताणले, मूर्तींच्या खांद्यांत खिळे त्यानं ठोकले. पण अख्खी झांकी शंकररावांनी त्याच्या हाती कधी दिली नाही. एकदा म्हणजे एकदाच, एक्क्याण्णवच्या भादव्यात, झांकी निघायच्या दिवशी दुपारी, विडी विझवत ते म्हणाले होते, "पुढच्या वर्षीची झांकी तुझी." दिवाकर घरी जाऊन बायकोला, सुलोचनेला म्हणाला होता, "सुलू, पेढे आण." आणि दिवाळीनंतर मिलच्या फाटकाला कुलूप लागलं.

त्यानंतर चार वर्षं सियागंजात खेळण्यांच्या एका होलसेल दुकानाच्या गोदामात त्यानं खोकी उचलली. तेव्हा बाहेरून माल नुसता ओतला जात होता. बॅटरीच्या गाड्या, विमानं आणि रोबोट. छातीत लाल दिवा, हातात बंदूक, चालताना कर्कश आवाज. वाटेत मोडलेला माल शेठ फेकून द्यायचा, आणि दिवाकर तो पिशवीत घालून घरी आणायचा. त्याची मुलगी निवेदिता, तिला बाहुल्यांचं भारी वावडं. तिला रोबोट पाहिजेत. मग दिवाकर बसायचा दुरुस्तीला. एकाला कंगव्याच्या दांडीचा पाय, एकाला मिलच्या जुन्या बॉबिनचं डोकं, एकाला टॉर्चच्या काचेचा डोळा. निवेदिता मोठी झाली, कॉम्प्युटर शिकली, पुण्याला नोकरीला गेली. एक्केचाळीस रोबोट मात्र इथेच, पलंगाखालच्या ट्रंकेत पडून राहिले.

"ही तुमची पलटण एकदा भंगारवाल्याला देऊन टाका," सुलोचना दर दिवाळीला म्हणायची. "केर काढताना माझी कंबर मोडते."

दिवाकर हो म्हणायचा आणि ट्रंक पुन्हा आत सरकवायचा.

मग त्या पावसाळ्यात बातमी आली, शंकररावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दिवाकर भेटायला गेला तेव्हा ते जमिनीवर गादीवर पडले होते. पलंगावरून दोनदा खाली पडल्यामुळे सुनेनं गादीच खाली घातली होती. म्हातारा छताकडे बघत सावकाश म्हणाला, "या वर्षी झांकी बघायची नाही, दिवाकर. रस्त्यापर्यंत जाणं होत नाही."

घरी येताना टेम्पोत दिवाकरच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत राहिली. उस्ताद चालले. आणि आपली झांकी त्यांनी पाहिलीच नाही. पाहणार कुठून, झालीच नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ट्रंक बाहेर ओढली.

दीड महिना दोघं नवरा-बायको अन्नपूर्णा मंदिराजवळच्या त्या दोन खोल्यांत आडवेतिडवे पाय टाकत वावरले. पुढच्या खोलीत सहा फूट लांब, तीन फूट रुंद पाट. खोक्यांच्या फळ्या, थर्माकोल, पुठ्ठे, रंगाचे डबे. दिवाकर सकाळी सहाला उठून बसायचा तो साडेबाराला उठायचा, दोन घास पोटात ढकलायचा आणि सायकल काढायचा. रात्री परत यायचा तेव्हा पाय लाकडाचे झालेले असायचे. एकदा तर बुटाची नाडी सोडता सोडताच झोपला. सुलोचनेनं बूट काढले आणि भरपूर बडबडली. "या वयात हे सोंग सुचतंय! मुलीचं खेळणं आणि बापाचा जीव!" पण दुसऱ्या दिवशी तिनंच आपल्या जुन्या शिलाई मशीनची मोटर काढून दिली. "घ्या. नाहीतरी माझे डोळे आता कुठे शिवायला धड राहिलेत!"

देखावा कशाचा, हा प्रश्नच नव्हता. मिलचाच. मधोमध लूम खातं, चार रांगांत बत्तीस माग, प्रत्येक मागाशी एक रोबोट. एका कोपऱ्यात चहाची टपरी, तिथे सहा जण. फाटकाशी टाइमकीपर, वर भोंग्याजवळ एक, आणि मधल्या वाटेवर, हात मागे बांधून फिरणारा, बॉबिनच्या डोक्याचा, शंकररावांसारखा एक. सगळ्यांना हलवणारी मोटर एकच. त्यासाठी त्यानं तेवीस बॉबिनांची चाकं केली आणि पाटाच्या मागे असं काही सुतळीचं जाळं विणलं की सुलोचना म्हणाली, "यात झुरळ शिरलं तर बाहेर यायचं नाही."

शेवटच्या सकाळी त्यानं पुढे लावायची पाटी रंगवली. प्रत्येक झांकीपुढे असते तशी, निळ्यावर पिवळी अक्षरं. "निर्माण: शंकरराव घोडगावकर. सहायक: दिवाकर सरमंडल."

सुलोचनेनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, झांकी तुमची ना? मग नाव त्यांचं कसं?"

दिवाकरनं पाटीकडे पाहिलं. खरं म्हणजे त्यानं विचार करून लिहिलंच नव्हतं. बावीस वर्षं तीच पाटी तोच रंगवत आला होता, हातानं आपोआप लिहून टाकलं. पण आता दिसल्यावरही त्याला खोडवेना. "उस्तादांचं नाव नसलेली झांकी कशी दिसेल?" एवढंच म्हणाला.

त्या दिवशी दुपारच्या आधी शेजारपाजारचे बघायला आले, आणि दिवाकरची दुसरी चूक उघडी पडली. पाट होता टेबलावर, कमरेएवढा. लोक वाकून वरून बघत होते. आणि बघावं तर काय, एकाही रोबोटचं तोंड दिसेना! नुसती डोकी. झांकी ट्रॉलीवर उंच असते, लोक खाली रस्त्यावर उभे असतात, म्हणून मूर्ती पुढे झुकवून बसवायच्या, तरच चेहरे दिसतात. दिवाकरनं एक्केचाळीसच्या एक्केचाळीस रोबोट तसेच झुकवून, खिळे मारून पक्के केले होते. टेबलावरच्या देखाव्याला हे चालत नाही, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

"सगळे खाली मान घालून का उभे आहेत?" शेजारच्या अनुश्रीनं विचारलं. "काही वाईट खबर आलीय का यांना?"

लोक हसले, वा वा म्हणाले आणि गेले. दिवाकर मटकन खुर्चीत बसला. आता पुन्हा खिळे काढायचे? हातात जोरच नव्हता. त्याला वाटलं, आपण नुसते थकलेलो नाही, आपण संपलोय.

सुलोचना बराच वेळ टेबलाशी उभी होती. मग ती खाली फरशीवर बसली, आणि तिथून तिनं वर पाहिलं.

"इथून दिसतात की हो सगळ्यांची तोंडं," ती म्हणाली. "शंकरराव खालीच निजतात ना?"

सुट्टीच्या बुधवारी सकाळी भाजीवाल्या मारुतीचा हातठेला मागून घेतला. मारुती पुढे ओढायला, दिवाकर मागून ढकलायला. अन्नपूर्णेपासून मिलच्या मागच्या, शंकररावांच्या गल्लीपर्यंत म्हणजे अर्धं शहर. चढावर दिवाकरला दम लागायचा. वाटेत पोह्याच्या ठेल्यावरचे लोक ओरडायचे, "क्या है भिया, झांकी अभी से निकाल दी?" मारुती खुशीत "हाँ भिया!" म्हणायचा. दिवाकर ठेला ढकलत राहायचा. मिलच्या भिंतीजवळून जाताना त्यानं मान दुसरीकडे वळवली. आत झाडं माजली होती, ते त्याला बघायचं नव्हतं.

शंकररावांची सून सुनीता हिनं दार उघडलं आणि दोन स्टुलं आणून दिली. गादीच्या पायथ्याशी पाट चढवला. दिवाकरनं प्लग लावला. मोटर घरघरली, सुतळ्या ताणल्या, आणि बत्तीस रोबोटांचे हात एकदम वर गेले, एकदम खाली आले. छातीतले लाल दिवे लागले. आणि सगळेच्या सगळे, टपरीवरचे, फाटकावरचे, भोंग्यावरचा, खाली गादीवरच्या म्हाताऱ्याकडे बघत होते.

शंकरराव बघत राहिले. बॉबिनच्या डोक्याचा, हात मागे बांधलेला तो दिसल्यावर त्यांचं अर्धं तोंड हललं. मग म्हणाले, "पाठ."

दिवाकर आणि मारुतीनं पाट फिरवला. म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "मोटर?"

"एकच."

"तिसऱ्या रांगेचा पट्टा ढिला आहे."

"हो. ओढून घेतो."

"हं. फिरव."

पुन्हा तोंड इकडे झालं, आणि या वेळी त्यांची नजर पाटीवर गेली. शब्द जुळवत, ओठ हलवत त्यांनी ती वाचली. दोनदा वाचली. मग डावा हात उचलून सुनेला खूण केली, सुनीता मारुतीला घेऊन चहा करायला आत गेली.

"दिवाकर, त्या वर्षी मी तुला म्हणालो ना, पुढच्या वर्षी तुझी."

"हो, उस्ताद."

"मला ठाऊक होतं, मिल पुढच्या भादव्यापर्यंत राहत नाही. झांकीच्या वर्गणीच्या कामाला ऑफिसात गेलो होतो, तिथे कानावर आलं होतं." ते थांबले, दम घेतला. "शेवटची झांकी होती. तुला द्यायला पाहिजे होती. नाही दिली. मला पाहिजे होती."

दिवाकरला आधी समजलंच नाही. आणि समजलं तेव्हा संतापच आला. बारा वर्षं! बारा वर्षं तो मिलला शिव्या देत आला होता, सरकारला, शेठला, नशिबाला. आपली झांकी मिलनं खाल्ली असं प्रत्येकाला सांगत आला होता. आणि खाल्ली कुणी, तर ह्यानं! त्याला वाटलं, प्लग उपटावा, पाट ठेल्यावर टाकावा आणि पुन्हा या घराची पायरी चढू नये.

त्यानं मोटर बंद केली.

खिशात पट्टे कापायचं ब्लेड होतं. ते काढून तो पाटीसमोर उकिडवा बसला आणि शंकररावांचं नाव खरवडायला लागला. रंग पक्का वाळला होता, टवके उडून गादीवर पडत होते. म्हातारा बघत होता, पण त्यानं अडवलं नाही. 'निर्माण'च्या पुढे नुसतं ओरखड्यांचं निळं राहिलं. दिवाकरनं ब्लेड खाली ठेवलं.

"अजून राहिलंय," शंकरराव म्हणाले.

"काय?"

"सहायक. तेही खोड."

दिवाकरनं पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. पुन्हा ब्लेड उचललं. चारच अक्षरं, पण त्यांनाच जास्त वेळ लागला. पाटीवर 'निर्माण' आणि एका कोपऱ्यात दिवाकर सरमंडल एवढंच उरलं.

"हं," शंकरराव म्हणाले. "आता चालव."

दिवाकरनं बटण दाबलं. हात वर गेले, खाली आले, तिसरी रांग जराशी मागे पडत होती. पट्टा ओढायला म्हणून तो पाटाच्या मागे गेला आणि भिंतीला टेकून बसला. मागे तो कुणाला दिसत नव्हता. पट्टा धरायचा सोडून तो तिथेच रडला.