सरोजाचा हात

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगणार होते, राहून गेलं. आज तुम्हाला सांगते — पण सरळ तोंडातून निघत नाही हो, जरा इकडून तिकडून येते.

काय दिवस होते ते! मी काचीगुड्याची, सरोजा नल्लकुंट्याची, शेजारशेजारच्या वस्त्या. दोघी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. गप्पा तिच्या तेलुगूत, माझ्या मराठीत, आणि भांडण मात्र दखनी हिंदीत! आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं, एएफएम. डोळ्यांना न दिसणारं टोक असलेली टिप पेशीवर अलगद दाबायची, आणि पेशी किती मऊ, किती कडक ते मोजायचं. शेजारून कुणी चाललं तरी आकडे हलायचे. म्हणून पंखा बंद, एसी बंद, घामाने निथळत गप्प बसायचं. आणि आमचा एक रिवाज होता — ज्याच्या हातून टिप बिघडेल त्याने सगळ्यांना इराणी चहा पाजायचा. काय हसायचो, किती चिडवायचो एकमेकांना!

मी मात्र कधीच चहा पाजला नाही. सर चारचौघांत म्हणायचे, हिचा हात हलका आहे, हिच्याकडून शिका. मला ते किती गोड लागायचं, काय सांगू?

त्या दिवशी मी घाईत होते. टिप काचेवर जोरात टेकली. मोडली नाही — बोथट झाली. 'चला, आज चहा माझ्याकडून', एवढंच तर म्हणायचं होतं ना? नाही म्हटलं. टिप तशीच यंत्रात ठेवली आणि घरी गेले.

पुढची पाळी सरोजाची होती. तिच्या वडिलांना शुगर. त्या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी कडक होतात. एका औषधाने त्या पुन्हा मऊ होतात का, हे ती शोधत होती. जीव लावला होता पोरीने त्या कामात. औषधाआधीची मापं चांगल्या टिपेने झाली होती, औषधानंतरची या टिपेने. बोथट टोक जास्त जागेवर टेकतं, त्यामुळे मऊ पेशीही कडक भासते. तिचं औषध वाया गेलं — निदान आकड्यांत तरी.

तिला शंका आली. आणि आली कुणाकडे? माझ्याकडेच. "तू एक बार टिप देख ना, तेरा हाथ हलका है." टिप तपासायला एक काटेरी नमुना असतो; त्याच्यावरून ती फिरवली की टोकाचा आकार पडद्यावर दिसतो. सरोजा खाली माझ्यासाठी चहा आणायला गेली, आणि मी पाहिलं. टोक चांगलं गोल झालेलं होतं. ती चहा घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, टिप एकदम ठीक आहे.

"फिर मेराच हाथ खराब है," ती म्हणाली. मी तिने आणलेला चहा प्याले.

सरांनी तिचा विषय बंद केला. दुसरा घ्यायला तिचं मन झालं नाही, ती सोडून गेली. आता घरीच मुलांच्या शिकवण्या घेते. आणि मी? मी त्याच प्रयोगशाळेत शिकवते. चहाचा रिवाजसुद्धा मीच चालू ठेवलाय — बघा आता.

यंदा नामपल्लीच्या नुमाइशीत, दरवर्षीच्या त्या मोठ्या प्रदर्शनात, ती भेटली. लांबूनच ओरडली, मुलीला ओढत माझ्याकडे घेऊन आली. "ये वहीच आंटी है, हलके हाथवाली. मेरे हाथ से नै हुआ वो काम." मुलगी माझ्या हातांकडे बघत राहिली. मी हात पदराखाली घेतले आणि हसले.

सरोजाच्या हातात काही खोट नव्हती. टिप मी बिघडवली होती, डोळ्यांनी पाहिली होती, आणि ठीक आहे म्हणाले होते.