पहिलं बिस्किट मायचं

कोकिळाताई गेल्याचा फोन आला तेव्हा तिच्याच बिस्किटांचा डबा माझ्या मांडीवर होता. तळोद्याच्या जीपस्टँडवरच्या ड्रायव्हर मंडळींची क्रिकेटची टीम आहे. त्यांच्या फायनलसाठी लाल चेंडूंची आणि निळ्या जर्सींची बिस्किटं मी शाळा सुटल्यावर पोचवायला निघाले होते. फोन दादांचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा. "निघा तुम्ही दोघं," एवढंच म्हणाले. ज्याला डबा द्यायचा होता त्यानंच आम्हा नवरा-बायकोला जीपमध्ये बसवलं आणि म्हसावदला, सासरच्या घरी आणून सोडलं. डबा वाटभर त्याच्या पुढ्यात, काचेपाशी होता. त्यानं तो उघडला नाही. त्यांची फायनल झाली की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

आता काही आठवडे उलटले. लोक भेटायला येतात, चहा घेतात आणि "सुटली बिचारी" म्हणून उठतात. मला या वाक्याची चीड येते. पोटातल्या गाठीनं तिचे हाल केले हे खरं, सुरतच्या दवाखान्याच्या खेपांनी तिचा जीव मेटाकुटीला आणला हेही खरं, पण ती सुटायला मुळीच तयार नव्हती. तिचं एक काम राहिलं होतं. मायनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, तिच्या हातचं पुन्हा खावं एवढीच तिची मागणी होती. एका घराच्या आत, एका भिंतीच्या अंतरावर असलेली ही मागणी वर्षानुवर्षं पुरी झाली नाही, आणि ती पुरी न होताच ताई गेली.

नात्यानं ती माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा ती या घरात चांगली मुरलेली होती. जावाजावांत जे काही व्हायचं असतं ते आमच्यात फारसं झालं नाही, कारण भांडायला लागणारी फुरसत तिच्याकडे नसायची. गावातल्या लग्नांची मेंदी तिच्याच हातची. नवऱ्या मुलीचा हात एकदा मांडीवर घेतला की कोन उचलायची ती मनगट संपल्यावरच. पुढे बिस्किटांवर जी कारागिरी तिनं केली ती सगळी या मेंदीच्या कोनातून आलेली. आणि बिस्किटं आली ती दादांच्या क्रिकेटच्या वेडातून. भारत हरला की दादा जेवत नसत. केळीच्या बागेत उभं आयुष्य घालवलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस, पण सामना गेला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. माय म्हणायच्या, त्याला पाळण्यातच दृष्ट लागली.

आमच्याकडे दिवाळीआधी मैदा, पिठीसाखर आणि तुपाचे डबे घेऊन शहाद्याच्या बेकरीत जायचं आणि नंबर लावून नानकटाई भाजून आणायची अशी पद्धत होती. अशाच एका नंबरात बसून कंटाळलेल्या ताईनं कच्च्या नानकटाईवर आगकाडीच्या टोकानं चेंडूची शिवण उमटवली. त्याच आठवड्यात भारत हरला. दादा भिंतीकडे वळले. ताईनं ती नानकटाई त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "हाऊ कॅच तरी सोडू नका." दादा हसले आणि उठून जेवले. तिथून सगळं सुरू झालं. दादांनी सुरतहून छोटा ओव्हन आणला. डबे करणाऱ्या कारागिराकडून तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे साचे करून घेतले... बॅट, जर्सी, स्टंप. आधी दादांचे दोस्त, मग शहाद्याची मंडळं, मग, माझ्या शाळेसाठी आम्ही दोघं तिथं राहतो म्हणून, माझ्यामार्फत तळोदा. सामना असला की आमच्या घरात सगळीकडे निळा रंग. दोन दिवस सगळ्यांच्या जिभा निळ्या, आणि मी तशीच शाळेत जाऊन मराठी शिकवायची.

एकदा सारंगखेड्याच्या यात्रेसाठी एका घोडेशौकिनानं घोड्यांची बिस्किटं मागवली. ओव्हनमधून काढताना एकेका घोड्याचा पाय तुटला. मग ताईनं नुसती मुंडकी केली, आयाळ अशी काढली की तो माणूस बघतच राहिला. तुटके पाय माय खात बसल्या होत्या आणि हसता हसता म्हणत होत्या, "आख्खी यात्राना घोडा लंगडा करी टाका तू." मायचं ते हसणं मला स्पष्ट आठवतं, कारण त्या दोघींना एकत्र हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही. तेव्हा घरात एक नियम होता. कुठलाही घाणा निघाला की पहिलं बिस्किट मायचं. माय चावून मान हलवायच्या, मगच बाकीची डब्यात जायची.

बिघडलं ते आयसिंगवरून. साखरपाण्याचं आयसिंग आमच्या उन्हाळ्यात टिकायचं नाही. चेंडूची शिवण ओघळायची, जर्सीवरचा आकडा पसरायचा. जगभर यात अंड्याचा पांढरा भाग घालतात, पण मायनी तरुणपणीच पंथाचा उपदेश घेतलेला, तेव्हापासून मांस-अंडं वर्ज्य. आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारतात. ताईनं शोधशोध करून काबुली चण्याचा उपाय काढला. चणे शिजवलेलं पाणी गार करायचं आणि घुसळत राहायचं. त्याचा असा घट्ट, पांढराशुभ्र फेस होतो की भांडं उपडं केलं तरी पडत नाही. मला तिनं ते उपडं करून दाखवलं होतं, अगदी माझ्या डोक्यावर धरून. त्यात पिठीसाखर घातली की आयसिंग दगडासारखं वाळायचं.

एका दुपारी ती फेस घुसळत होती. बरणीला मोबाईल टेकवलेला, त्यात कुणी परदेशी बाई आयसिंग करत होती. ताईनं आवाज बंद ठेवला होता. तिला भाषा कळायची नाही, ती फक्त त्या बाईचं मनगट बघायची. माय पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. मोबाईलमधली बाई त्याच वेळी अंडी फोडत होती आणि खाली ताईच्या भांड्यात पांढरा फेस. माय पाणीही न पिता मागे फिरल्या. संध्याकाळी त्यांनी आपली परात, तवा आणि एक पातेलं उचललं, मागच्या पडवीत नेलं आणि कापसाच्या काड्यांवर चूल पेटवून स्वतःची भाकरी स्वतः थापली.

आधी वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. ताईनं समजावलं, पाया पडली. शेवटी एक दिवस मायला समोर बसवून चणे शिजवले, पाणी गाळलं, फेस काढून दाखवला. मी त्या दिवशी तिथेच होते. मायनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज चनाच शेत, माले दिखी ऱ्हायनात. त्या दिन काय व्हतं, ते कोनी दखं?" आजचे चणे दिसतात, पण त्या दिवशी भांड्यात काय होतं ते कुणी पाहिलं, असा त्यांचा सवाल. ताई ओट्याला टेकून उभी राहिली, हातातल्या रवीवरून फेस खाली ठिबकत होता... मी पुढे होऊन बोलायला लागले तर माझ्या शिक्षणावर बोट ठेवून माय म्हणाल्या, "तू शिकेल शे, तुले सगळं खरं वाटस."

त्यांनी ताईला कधी शिवी दिली नाही, कधी टोमणा मारला नाही, बिस्किटं बंद कर असंही म्हटलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण मिटतं तरी. इथं फक्त दोन वेळा धूर निघायचा आणि तो सगळ्या गल्लीला दिसायचा. सासू सुनेच्या हातचं खात नाही म्हणजे काहीतरी असणारच, असं गल्लीनं धरलं. पंगतीच्या पोळ्या लाटायला ताईला बोलावेनासे झाले. मेंदीला मात्र बोलवायचे, मेंदी काही कुणी खात नाही. आणि दादा... टीव्हीवरच्या अंपायरनं चुकीचा निर्णय दिला तर हा माणूस रात्रभर तळमळायचा, पण आपल्या घरात त्यांनी ना आईला काही विचारलं, ना बायकोची बाजू घेतली. दोन्हीकडचं जेवले आणि गप्प राहिले. मी हे लिहितेय ते दादा वाचतील. वाचू देत.

सगळे तिला सांगायचे, अगं सोड तो बिस्किटांचा नाद, म्हातारी आपोआप खायला लागेल. मीही एकदा म्हटलं. ती आयसिंगचा कोन भरत होती. वर न बघता म्हणाली, "मी अंडाले कव्हय हात लाया नै. आते बंद करं ते सगळा म्हनतीन, व्हतंच." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तिनं ना बिस्किटं थांबवली ना नियम मोडला. दर घाण्याचं पहिलं बिस्किट बशीत घालून ती मायच्या उंबऱ्याशी ठेवायची. माय ते फेकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत, खायच्याही नाहीत. संध्याकाळपर्यंत मुंग्या लागायच्या. मग ताई बशी उचलायची, मुंग्या झटकायची आणि ते बिस्किट तिथेच उभं राहून स्वतः खायची. ते दुसऱ्या कुणाला मिळायचं नाही. सामने आले, गेले, भारत जिंकला, हरला, बशीचं काही बदललं नाही.

तिच्या आजारपणात मायनी जे केलं तेही सांगायला हवं, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल. ताईला उठवत नव्हतं तेव्हा तिची वेणी मायनी घातली, पाय मायनी चेपले. सुरतहून आल्यावर तिला दुसऱ्या कुणाचं काही जाईना, तर त्या पडवीतल्या चुलीवर मऊ भात करून वाटीतून चमच्यानं भरवायच्या. ताई लहान मुलीसारखी तोंड उघडायची. ती मायच्या हातचं शेवटपर्यंत खात होती. ते दृश्य बघून मला कितीदा बाहेर अंगणात यावं लागलं.

ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी मी म्हसावदला होते. जीपवाल्यांची ऑर्डर तिनं मला न विचारता घेऊन ठेवली होती. मीच पीठ मळलं, भाजलं, ती खाटेवरून सूचना देत होती. आयसिंगही मीच केलं, बेताचंच. शेवटी तिनं हात पुढे केला आणि एका चेंडूची शिवण स्वतः काढायला घेतली. नवरीच्या मनगटापर्यंत न थांबणारा तो हात प्रत्येक टाक्याला थांबत होता. शिवण वाकडी आली. "मायले दे," ती म्हणाली. माय खाटेपाशीच बसल्या होत्या. मी बशी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बिस्किट उचललं, हातात फिरवून पाहिलं. ताई बघत होती, मी बघत होते. मग मायनी ते परत बशीत ठेवलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरी व्हय तू. मंग दोन्हीजनी मिळीसन खाऊत." ताई हसली. माय भात आणायला गेल्यावर मला म्हणाली, "आजबी चेंडू सोडी दिन्हा मायनी." मी तिच्याकडून ऐकलेलं शेवटचं वाक्य हेच.

दुखवट्याचे दिवस संपल्यावर एका शनिवारी मी पुन्हा म्हसावदला गेले. घरात कुणी दिसेना म्हणून मागे पडवीत डोकावले. माय जमिनीवर बसल्या होत्या. समोर शिजलेल्या काबुली चण्यांची परात, पायात धरलेलं पातेलं आणि हातात ताकाची लाकडी रवी. चणे त्यांनीच भिजवले होते, आपल्या हंड्यातल्या पाण्यात, आपल्या चुलीवर शिजवले होते, कुणाला हात लावू दिला नव्हता. कधीपासून घुसळत होत्या कोण जाणे. पातेल्यात फेस होता. ताईच्या फेसासारखा ताठ नव्हता, पण पांढराशुभ्र होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पानीले खरंच फेस येस वं, वैशाली," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो माय, येतो. त्यांनी पुन्हा रवी फिरवली, पुन्हा बघितलं, पुन्हा तेच म्हणाल्या... मग पातेलं तसंच दोन्ही हातांत धरून त्या उठल्या आणि आत गेल्या, ताईची खाट होती त्या खोलीच्या दारापर्यंत. खाट आता तिथं नाही. त्या तिथेच उभ्या राहिल्या. हळूहळू फेस बसला आणि पातेल्यात पाणी दिसायला लागलं.

त्या रात्री मी आत स्वयंपाक केला आणि मायचं ताट वाढून पडवीत नेलं. म्हटलं, माय, आता ही चूल राहू द्या, माझ्या हातचं खा. त्यांनी ताट दोन्ही हातांनी बाजूला सरकवलं. रागानं नाही.

"तिना हातनं खादं नै," त्या म्हणाल्या, "आते तुन्हा हातनं कोनता तोंडे खाऊ?"

मागच्या पडवीत अजून दोन वेळा धूर निघतो. माय भाकरी थापतात, ताट घेतात आणि जेवायला बसण्याआधी फळीवरची बशी काढून समोर ठेवतात. वाकड्या शिवणीच्या त्या चेंडूला मुंग्या लागू नयेत म्हणून त्यांनी बशीखाली पाण्याची परात ठेवली आहे. जेवण झालं की बशी पुन्हा फळीवर जाते.